उलटा पीळ

आमच्या छापखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी आहे. टपरीच्या उजव्या खांबाला काथ्याचा सुंभ लोंबतो. सकाळी टपरी उघडली की मामा आधी उदबत्ती लावतात, मग त्याच काडीनं सुंभाचं टोक पेटवतात. रात्री फळ्या लावताना ते टोक पाण्याच्या डब्यात बुडवतात, चर्र आवाज येतो आणि दिवस संपतो. मधल्या वेळात सुंभ भडकत नाही, विझतही नाही. नुसता धुमसतो. येणारा येतो, सिगारेट घेतो, मान वाकडी करून ते लाल टोक सिगारेटीला लावतो, गाल आत ओढतो आणि डोळे बारीक करून रस्त्याकडे बघत राहतो. त्या क्षणी तो जगाचं काही देणं लागत नाही.

मी सत्तावीस वर्षं, या आणि असल्या अनेक खांबांपुढे, अशी मान वाकडी केली.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण म्हणतो. म्हण म्हणून ती लहानपणीच पाठ झाली होती. खरी कळली ती या टपरीपाशी. जळालेला भाग लगेच गळून पडत नाही. इंचभर राख तशीच टोकाला धरून राहते आणि त्या राखेतसुद्धा वेटोळी स्पष्ट दिसतात. काथ्या गेलेला असतो. त्याचं वळण तेवढं शिल्लक असतं. एक फुंकर, की तेही नाही. पण ती फुंकर स्वतःची स्वतःला घालता येत नाही, हे कळायला मला फार वर्षं लागली.



पहिली सिगारेट सहसा कुणी विकत घेत नाही. ती कुणीतरी पुढे करतं. मला ती १९९१च्या पावसाळ्यात वसतिगृहाच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला पुढे करण्यात आली. मी सोलापूरहून पुण्याला आलो होतो. बोलण्यातला हेल लपवत, इंग्रजी शब्द चुकणार नाहीत अशा बेतानं वाक्यं जुळवत होतो. चौघांत एक सिगारेट फिरत होती. ती माझ्याकडे आली तेव्हा मला धुराचं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की आपल्याला धरून आता हे चार झाले. खोकला आला, डोकं गरगरलं. "लागली रे ह्याला," असं म्हणून सगळे हसले. मीही हसलो.

मराठीत हे क्रियापद मोठं गमतीचं आहे. तहान लागते, भूक लागते, ठेच लागते, लळा लागतो, नाट लागतो. तंबाखूसुद्धा आधी 'लागते' म्हणजे घेरी आणते आणि मग 'लागते' म्हणजे तिच्यावाचून चालत नाही. दोन्ही वेळा कर्ता ती. आपण नुसते 'ला' प्रत्यय लावून उभे.

तंबाखूची आपल्या भागातली पहिली नोंदही अशीच, कुणीतरी पुढे केल्याची आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इकडे उतरली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा अधिकारी असद बेग याला ती विजापुरात दिसली. त्यानं ती नक्षीदार चिलमीसकट बादशहापुढे नेऊन ठेवली. हकीम नको नको म्हणत होता. अकबरानं नजराणा आणणाऱ्याचा मान राखायला म्हणून दोन-तीन झुरके घेतले, असं असद बेगनंच लिहून ठेवलं आहे. हे वाचलं तेव्हा मला टाकीचा आडोसा आठवला. विजापूर आमच्या सोलापुरापासून शंभरेक किलोमीटरवर. माणसाचा मान राखायचा म्हणून घेतलेले दोन झुरके तिथूनच निघाले आणि चारशे वर्षांनी आमच्या गच्चीवर पोचले.

पुढे नोकरी लागली. मुद्रितशोधकाची. समोर कच्ची मुद्रितं, हातात लाल पेन, दुसऱ्या हातात सिगारेट. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका धुरातून जास्त स्पष्ट दिसतात, अशी माझी समजूत होती. २ ऑक्टोबर २००८ला सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर बंदी आली आणि आमची रवानगी कचेरीतून जिन्यात, जिन्यातून गल्लीत झाली. पण हद्दपारीत माणसं जास्त जवळ येतात. अक्षरजुळणीवाला माझा जोडीदार आणि मी दिवसातून सहा-सात वेळा एकत्र खाली उतरायचो. त्याच्या मुलीचं लग्न, माझ्या आईचं आजारपण, मालकांचा चिक्कूपणा, सगळं त्या खांबापाशी बोलून झालं. आमची मैत्री पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांनी शिवलेली गोधडी आहे. मग सिगारेट सोडायची म्हणजे नक्की काय काय सोडायचं, हा प्रश्नच होता.



मी ज्या वाड्यात वाढलो तिथं कुणी सिगारेट ओढत नव्हतं, पण तंबाखूचा वास भिंतींना होता. शेजारच्या दोन खोल्यांत अक्का राहायच्या. पद्मशाली समाजातल्या, घरात तेलुगू, बाहेर मराठी. सोलापुरात अशी घरं हजारोंनी. पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर. अक्का मांडीवर सूप घेऊन बसायच्या. भिजवलेली टेंभुर्णीची पानं पत्र्याच्या मापानं कातरायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायची, टोक दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे. बोलता बोलता, पोरांना ओरडता ओरडता, डाळीला फोडणी पडतेय का ऐकता ऐकता. दिवसाकाठी हजाराच्या घरात. संध्याकाळी विड्यांची टोपली कारखान्यात जायची. तिथला माणूस वेड्यावाकड्या विड्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत. छाट वजा जाता उरलेल्यांची मजुरी. मजुरीचा हिशेब हजारावर.

अक्कांनी आयुष्यात एक विडी ओढली नाही. खोकला मात्र ओढणाऱ्याचा होता.

आमचे अप्पा सुताच्या डबलिंग कारखान्यात होते. कापसाच्या कामात ठिणगी म्हणजे वैरीण. तिथं विडीकाडीला मज्जाव. म्हणून कामगार तळहातावर चुना-तंबाखू मळत. अप्पाही मळत. रविवारी मी त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा ते मला चात्यांच्या रांगेशी उभं करून सूत दाखवायचे. त्या रांगेत एकदा त्यांनी मला जे दाखवलं ते मी विसरून गेलो होतो. ते पुढं येईल.



सोडायचा प्रयत्न मी चारदा केला. चारही वेळा गुपचूप.

हे आता विचित्र वाटतं. ओढायला सुरुवात मी चौघांत केली, ओढत राहिलो तोही चारचौघांत, आणि सोडायला निघालो की एकटा. कारण साधं होतं. जमलं नाही तर कुणाला कळायला नको. कुणाला कळलंच नाही, म्हणून कुणी अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी जोडीदार "चल," म्हणायचा आणि मी निघायचो. त्याचा काय दोष? त्याच्या लेखी मी काही सोडलेलंच नव्हतं.

२०१८चा दिवाळी अंकांचा हंगाम. एका आरोग्यविषयक लेखाची मुद्रितं माझ्याकडे आली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पाहणीवर तो लेख होता. ख्रिस्ताकिस आणि फाउलर या दोघा संशोधकांनी १२,०६७ माणसांच्या नात्यागोत्यांचं आणि मैत्रीचं जाळं १९७१ ते २००३ असं ३२ वर्षं तपासलं होतं. २००८मध्ये निष्कर्ष छापले. आकडे मूळ प्रतीशी ताडून बघणं हे माझं कामच. ताडत गेलो. नवरा-बायकोतल्या एकानं सोडली तर दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी उतरते. मित्रानं सोडली तर ३६. लहान कचेरीतल्या सहकाऱ्यानं सोडली तर ३४. भावंडानं सोडली तर २५. म्हणजे रक्तापेक्षा खांबापाशी उभा राहणारा भारी. आणि खाली आणखी एक वाक्य होतं. माणसं सुटी सुटी सोडत नाहीत, घोळक्याघोळक्यानं सोडतात, आणि जे ओढत राहतात ते हळूहळू त्या जाळ्याच्या कडेला ढकलले जातात.

मी लाल पेन खाली ठेवलं. समासात काही दुरुस्ती नव्हती. दुरुस्ती होती ती माझ्या बाजूला.

त्या रात्री काम उशिरापर्यंत चालणार म्हणून सुट्या न घेता पाकीट घेतलं होतं. सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, त्यावरचं चित्र नाही की मजकूर नाही. आपल्या राज्यात सुट्या विकायला बंदी आली ती २०२०च्या सप्टेंबरात, म्हणजे नंतर. पाकिटाचा बहुतेक सगळा दर्शनी भाग त्या भेसूर चित्रानं व्यापलेला. त्याखाली २०१८च्या सप्टेंबरपासून एक नंबर छापायला लागले होते, १८००-११-२३५६. आजच सोडा, फोन करा. सवयीनं मी तोही तपासला. अंक बरोबर, आज्ञार्थ बरोबर. मग एका संशोधकाच्या नव्हे, एका मुद्रितशोधकाच्या कुतूहलानं, हा नंबर खरा आहे का बघू म्हणून दुसऱ्या दिवशी फोन लावला.

नंबर खरा होता. काही वेळानं पलीकडून मराठीत एक बाई बोलल्या. किती ओढता, उठल्यावर किती वेळानं पहिली, कितीदा सोडलीत. आवाजात ना दया ना दटावणी. पोस्टातल्या चांगल्या कारकुनासारखा आवाज. म्हणाल्या, "तारीख ठरवू या." मी म्हटलं, "दिवाळी अंक हातावेगळे होऊ द्या." त्या म्हणाल्या, "दिवाळी अंक दरवर्षी असतात ना?" मी गप्प. "पंधरा दिवसांच्या आतली सांगा." कॅलेंडर समोरच होतं. १८ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा. त्या म्हणाल्या, "छान. आता पाच जणांना ही तारीख सांगायची. नावं तुम्ही ठरवा. मी पुन्हा फोन करीन."

नव्या माणसाला पाच सिगारेटी पुढे करणं सोपं. पाच ओळखीच्या माणसांपुढे एक तारीख ठेवताना मला घाम फुटला.



बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. सत्तावीसांतली एकोणीस वर्षं तिनं हा धूर सोसला. बोलली, रुसली, ओकाऱ्या काढल्या, मुलगी पोटात असताना मला गॅलरीत झोपवलं. कशाचा उपयोग झाला नाही. मला वाटलं ती म्हणेल, बघू. ती म्हणाली, "तू चिडशील. मागं दोनदा चिडला होतास ना, तेव्हाच मला कळलं होतं की तू सोडायला बघतोयस." म्हणजे गुपचूप असं काही नव्हतंच. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तीन आठवडे भांडायचं नाही. जे भांडण होईल ते लिहून ठेवू. दिवाळीनंतर सगळी उधारी चुकती."

मुलगी बारा वर्षांची. तिनं विचारलं, "मी काय करायचं?" फोनवरच्या बाईंनी मला सांगितलं होतं, की तलफ येते तेव्हा वाटतं ती आता जाणारच नाही, पण चार-पाच मिनिटं टळली की ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, काहीतरी करा. मुलीनं यातलं 'काहीतरी' उचललं. "मी तुला पाढे विचारीन."

जोडीदाराला सांगायला सर्वांत जड गेलं. त्याला वाटणार, हा आपल्याला सोडून चालला. त्यानं हातातली संपवली, थोटूक चपलेखाली चिरडलं आणि म्हणाला, "मग मी कुणाबरोबर येऊ?" त्यात चेष्टा नव्हती.

चौथे टपरीवाले मामा. त्यांना सांगितलं कारण त्यांच्यावाचून गत्यंतर नव्हतं. दिवसाला दहातल्या सात त्यांच्याकडच्या. मामा माण तालुक्यातले, कमी बोलणारे. नुसते "बरं" म्हणाले.

पाचव्या अक्का. त्यांना फोन केला. त्या आता कुंभारीला, विडी कामगार बायकांच्या वसाहतीत राहतात. गोदूताई परुळेकरांच्या नावानं उभी राहिलेली दहा हजार घरांची ती वसाहत, बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली. अक्कांना मी म्हटलं, "सिगारेट सोडतोय." त्या खोकून म्हणाल्या, "सोड बाबा. वळणारी मी सुटली नाही, ओढणारा तू तरी सूट."

सूट. सोड नव्हे. अकर्मक. गाडी सुटते तसं, गाठ सुटते तसं.



दसऱ्याला आपट्याची पानं वाटली आणि त्या दिवशी धूर नाही. पहिला दिवस सणाच्या रेट्यात गेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीरानं हिशेब मांडला. झुरका घेतला की दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचणारी ती चीज. सत्तावीस वर्षं जी हाक मारताच यायची, ती येईना म्हणून आत कुणीतरी भांडी आपटू लागलं. हात कुठं ठेवावेत कळेना. एका ओळीत तीनदा तोच शब्द वाचला. तोंड आलं. खोकला कमी होईल म्हणून सोडली तर खोकला वाढला. डॉक्टर म्हणाले, श्वासनळीतले झाडू मारणारे केस इतकी वर्षं झोपले होते, ते जागे होतायत, केर काढतायत. त्यांनी निकोटिनचं च्युइंगम दिलं. ते चघळायचं नाही, दोनदा चावून गालात ठेवायचं, विड्यासारखं. मग त्यांनी वयाचा हिशेब सांगितला. इंग्लंडमध्ये डॉल या संशोधकानं १९५१पासून पन्नास वर्षं डॉक्टरांचाच पाठपुरावा केला होता. जन्मभर ओढणाऱ्याची सरासरी दहा वर्षं जातात. चाळिसाव्या वर्षी सोडली तर त्यातली नऊ परत, पन्नासाव्या वर्षी सहा. मी सेहेचाळीसचा. "मधलं काहीतरी मिळेल," डॉक्टर म्हणाले. भाजीवाल्याकडं सुटे परत मिळावेत तसं मला वाटलं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात उभा होतो. दार उघडून टपरी नसली तरी स्टेशनपर्यंत जावं, इथवर आलो होतो. मागं मुलगी. झोपेनं डोळे अर्धे मिटलेले. पाट ओढून बसली आणि म्हणाली, "एकोणतीसचा."

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस चोकला अडखळलो. ती थांबली. सांगितलं नाही. एकोणतीस सत्ते दोनशे तीनपर्यंत पोचलो तेव्हा बाहेर रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला. दाहेपर्यंत पोचलो तेव्हा ती पाटावरच झोपली होती. मी तिला उचलून आत नेलं. बारा वर्षांची मुलगी उचलायची म्हणजे ओझं असतं. पण हातांना काय करायचं ते त्या तीन दिवसांत पहिल्यांदा कळलं.

कचेरीत चार वाजले की पाय आपसूक जिना उतरायचे. जोडीदार माझ्याबरोबर उतरायचा, पण खांबाकडे न वळता दुसऱ्या बाजूनं देवळापर्यंत चालत जायचा, मला घेऊन. स्वतःची तो केव्हा, कुठं ओढायचा हे मला तीन महिने दिसलं नाही. वास यायचा शर्टाला. मी बोललो नाही. त्यानंही नाही. सोडलेल्याला जपणं एक वेळ सोपं असेल, पण न सोडता दुसऱ्याला जपणं, ते त्यानं केलं.

आठवड्यानं मी एकटाच टपरीवर गेलो. खोटं कशाला सांगू, घ्यायलाच गेलो होतो. पंधरा रुपये सुटे मुठीत. मामांनी पैशांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पानाच्या डब्यातून एक लवंग काढून फळीवर ठेवली. "ही घ्या." मी म्हटलं, "मामा, एक द्या." ते म्हणाले, "तुमाला न्हाई." मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. दिवसाच्या सात सिगारेटींची गिऱ्हाइकी एका लवंगेवर सोडणारा दुकानदार मी पाहिला आहे. त्यानंतर रोज चार वाजता लवंग ठेवलेली असायची. पैसे कधी घेतले नाहीत.

सगळ्यांचाच आधार असा असतो असं नाही. सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ रोज माझ्या खांद्यावर थाप मारून, मनाचा निश्चय पाहिजे, असं म्हणत. त्यांना पाहिलं की मला हमखास तलफ यायची. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं. चंद्र असा की खाली सांडलेली साय दिसावी. कठड्याशी तिघं जण ओढत होते. एक जण म्हणाला, "एकानं काय होतंय?" तो वाईट माणूस नव्हता. १९९१च्या गच्चीवरच्या मुलांइतकाच तो प्रेमळ होता. पुढे करणारा हात कायम प्रेमळच असतो, अडचण तीच आहे. मी दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरून ठेवला.



अक्का दिवस मोजत होत्या हे मला माहीत नव्हतं. नोव्हेंबरात त्यांचा फोन आला. "एक बंडल झालं की रे." मला कळेना. "पंचवीस. विडीचं बंडल पंचवीसचं." मी बोटांवर मोजलं. खरंच पंचवीस दिवस झाले होते. दिवाळी येऊन गेली होती, फटाक्यांच्या धुरात माझा धूर नव्हता. बायकोनं भाऊबीजेनंतर उधारीची वही काढली. अकरा भांडणं होती. सहा कशावरून ते दोघांनाही आठवेना. पाच त्या संध्याकाळी रीतसर चुकती केली.

नाक परत आलं ते त्याच सुमारास. छापखान्यात शाईचा वास असतो हे मी पंचवीस वर्षं नोकरी करूनही विसरलो होतो. सोलापूरला गेलो, कडक भाकरीवर शेंगाचटणी घेतली आणि तिखटामागून दाण्याचा गोडवा जिभेवर आला, तेव्हा पाट्यापाशी बसलेली आई दिसली. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. धुरानं काय काय झाकून ठेवलं होतं ते असं एकेक उघडं पडत गेलं. सगळंच सुखाचं नव्हतं.

घसरलोही. २०१९च्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, एका अंत्ययात्रेहून परतताना कुणीतरी पुढे केली आणि मी घेतली. अर्धी ओढली. ती चांगली लागली, हेच वाईट. रात्रभर वाटत राहिलं, आता सगळं शून्य. गुपचूप ठेवायची जुनी सवय वर आली. पण सकाळी अक्कांना फोन केला. त्या बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "छाट निघाली म्हण. एक छाट निघाली म्हणून टोपली फेकून देतं का कुणी? बाकीच्याची मजुरी धर."

माझ्या ओढलेल्या सिगारेटींचा हिशेब मी एकदा केला होता. रोजच्या दहा, सत्तावीस वर्षं, लाखाला थोड्या कमी. अक्कांच्या हातांना तेवढ्या विड्या वळायला शंभर दिवस पुरले असते. मला त्या संपवायला अर्धं आयुष्य लागलं, आणि न ओढलेले दिवस जोडायला अक्का पंचवीस-पंचवीसचं बंडल बांधत बसल्या. २०२१च्या जुलैत, कोविडनं माणसं दाराआड बसली होती तेव्हा, फोन वाजला. आवाज खोल गेला होता. "हजार झाल्या रे. छाट वजा करून नऊशे नव्व्याण्णव. मजुरी घे तुझी." त्या हसल्या. हसण्याचा खोकला झाला. पलीकडं कुणीतरी फोन काढून घेतला.



आता अप्पांचं. डबलिंगच्या चात्यांपाशी त्यांनी मला एकेरी सुताचा हातभर धागा काढून दिला आणि म्हणाले, "दोन्ही टोकं जवळ आण." आणली. धागा आपोआप स्वतःभोवती गुरफटला, आटे पडले, गुंता झाला. "त्याला पीळ आहे ना, तो गप बसत नाही. एकटा सोडला की स्वतःलाच खातो." मग दोन धागे एकत्र केलेलं सूत दिलं. "आता आण." टोकं जवळ आणली. धागा शांत लोंबत राहिला. मी विचारलं, "ह्याचा पीळ काढला का?" अप्पा हसले. तळहातावरची तंबाखू ओठाआड ठेवून म्हणाले, "पीळ काढला तर सूत राहतंय व्हय? कापूस होईल. पीळ हाय तिथंच हाय. ह्या दोघांना मिळून उलटा पीळ दिलाय. ह्याचा त्याला धरतो, त्याचा ह्याला."

तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मला ती जादू वाटली होती आणि जादू माणूस विसरतो. ती आठवली हजाराव्या दिवसाच्या त्या फोननंतर. अप्पा स्वतः शेवटपर्यंत तंबाखू मळत राहिले. त्यांना उलटा पीळ द्यायला कुणी आलं नाही, मीही नाही. मी तेव्हा पुण्यात, खांबापाशी होतो.

तलफ अजून येते. वर्षातून आठ-दहा वेळा, पावसाच्या पहिल्या सरीला, लेख अडला की, कधी नुसती स्वप्नात. स्वप्नात मी ओढतो आणि जागा होऊन दचकतो. लोक विचारतात, सुटली ना पूर्ण? मी हो म्हणतो. टपरीवरून जाताना सुंभाचं लाल टोक अजून माझ्याकडं बघतं आणि मान एवढीशी वाकडी होऊ बघते, हे त्यांना कशाला सांगा.

मागच्या दसऱ्याला कचेरी अर्धा दिवस होती. खंडेनवमीला पुजलेल्या यंत्रांवरची झेंडूची फुलं अजून तशीच होती. जोडीदार टेबलाशी आला. त्याच्या मुलीला मुलगा झाल्याला महिना झाला होता. बराच वेळ नुसता उभा राहिला, मग म्हणाला, "आज घेऊ नये म्हणतोय. सकाळपासून घेतली नाही." मी चष्मा काढला. "किती जणांना सांगितलंस?" तो म्हणाला, "तूच पहिला."

चार वाजता आम्ही खाली उतरलो. देवळाकडं वळायचं का, म्हणून मी त्याच्याकडं बघितलं. तो खांबाकडेच निघाला होता. मी शेजारी चालू लागलो. सुंभ धुमसत होता. टोकाला इंचभर राख, वेटोळ्यांसकट. आम्ही दोघं फळीपाशी उभे राहिलो, बोललो काहीच नाही. मामांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि डब्यातून दोन लवंगा काढल्या.